अमेरिकेच्या दक्षिणेकडचा तळलेला मासा घरी करताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा पदार्थ नेमका काय आहे? आपल्या रवा फ्रायपेक्षा वेगळा कसा?

मिसिसिपी, अलाबामा, आर्कान्सा, लुइझियाना, टेनेसी या पट्ट्यात 'फ्राइड फिश' म्हटलं की बहुतेक वेळा कॅटफिशच (गोड्या पाण्यातला, लांब मिशांचा मासा) पुढ्यात येतो. काटे काढलेले फिले, म्हणजे माशाचे सपाट काप, बटरमिल्कमध्ये भिजवायचे, मीठ-मिरी-तिखट घातलेल्या मक्याच्या जाडसर पिठात घोळवायचे आणि निदान इंचभर खोल तेलात तळायचे. अंडं नाही, ब्रेडचा चुरा नाही, भिजवलेलं पातळ पीठही नाही. पातळ पिठात बुडवून तळतात तो इंग्लंडचा प्रकार. त्याचं कवच फुगीर होतं, याचं पातळ आणि खरखरीत.

रवा फ्रायमध्ये मसाला माशाला चोळून मुरवतात, रवा वरून लागतो आणि तव्यावर थोड्या तेलात काम होतं. इथे माशाला मसाला जवळपास लागतच नाही. चव येते ती मक्याच्या पिठाची, मिरीची आणि खाताना वर शिंपडलेल्या हॉट सॉसची, म्हणजे व्हिनेगर घातलेल्या पातळ तिखट सॉसची. हळद, आलं-लसूण, कोकमाचं आगळ घालून तळलात तर चांगलंच लागेल, पण तो आपलाच फ्राय झाला, फक्त रव्याच्या जागी मका.

मक्याचंच पीठ का?

दक्षिणेच्या दमट हवेत गहू नीट येत नसे, मका मात्र जोमात येई. तिथल्या मूळ रहिवाशांचं ते मुख्य धान्य होतं. पुढे गोऱ्या शेतकऱ्यांच्या आणि गुलाम म्हणून आणलेल्या आफ्रिकी लोकांच्या घरातही रोजचं धान्य मकाच झालं. नदीतला मासा आणि घरातलं मक्याचं पीठ, एवढ्यावर भागायचं.

स्वयंपाकाच्या अंगानेही ते योग्यच आहे. मक्यात ग्लुटेन, म्हणजे गव्हाच्या पिठाला चिवटपणा देणारं प्रथिन, नसतं, त्यामुळे कवच चिवट होत नाही. दळण थोडं रवाळ असेल तर एकेक कण वेगळा तळला जातो आणि दाताखाली तो खास आवाज येतो. ग्लुटेन नसल्याचा तोटा एकच, की कवच माशाला नीट धरून राहत नाही. म्हणून पुष्कळ घरांत तीन भाग मक्याच्या पिठाला एक भाग मैदा घालतात. मैद्याशिवाय, निव्वळ मक्यात घोळवणारेही आहेत. त्यांचं कवच जास्त कुरकुरीत होतं आणि जास्त सुटतंही. पहिल्यांदा करत असाल तर मैदा घालाच.

चार जणांसाठी प्रमाण सांगा.

कप म्हणजे २४० मिलीचा.

- कॅटफिश किंवा तसा मासा, काटे व कातडी काढलेले ४ फिले, मिळून साधारण ७५० ग्रॅम
- घट्ट बटरमिल्क १ कप, त्यात हॉट सॉस १ मोठा चमचा
- मक्याचं जाडसर पीठ दीड कप
- मैदा अर्धा कप
- मीठ २ छोटे चमचे (अर्धं माशाला, अर्धं पिठात)
- ताजी कुटलेली काळी मिरी १ छोटा चमचा
- केयेन तिखट अर्धा छोटा चमचा, पॅप्रिका १ छोटा चमचा
- लसणाची पूड १ छोटा चमचा
- तळायला तेल: दहा इंची कढईत इंचभर उंची यायला सुमारे १ लिटर

भारतात केयेनच्या जागी गुंटूर किंवा लवंगी तिखट आणि पॅप्रिकाच्या जागी काश्मिरी किंवा ब्याडगी वापरा. ताजा लसूण वाटून पिठात घालू नका. तो ओला असतो, पिठाचे गोळे होतात आणि तेलात जळून कडू होतो. ही एकच जागा आहे जिथे बाटलीतली लसणाची पूड खऱ्या लसणापेक्षा सरस ठरते.

भारतात कोणतं मक्याचं पीठ आणू? कॉर्नफ्लोअर चालेल?

कॉर्नफ्लोअर म्हणून आपल्याकडे पांढरी, हाताला रेशमी लागणारी पूड मिळते ती मक्याचं स्टार्च आहे. तिने कवच काचेसारखं गुळगुळीत होतं आणि मक्याची चव अजिबात येत नाही. इथे ती नको.

भाकरीसाठी गिरणीतून दळून आणलेलं मक्याचं पीठ चालतं, पण ते एकटं वापरलं तर जरा जास्तच बारीक पडतं. दोन भाग पीठ आणि एक भाग मक्याचा रवा असं मिसळलं की दळण दक्षिणेतल्या पिठाच्या जवळ जातं. मक्याचा रवा मिळाला नाही तर गव्हाचा बारीक रवा चालवून घ्या. कुरकुरीतपणा येईल, चव थोडी उतरेल. फार जाड रवा मात्र टाळा. तो तेवढ्या वेळात शिजत नाही आणि वाळू चावल्यासारखा लागतो.

मक्याच्या अख्ख्या दाण्याच्या पिठात अंकुराचं तेल असतं, म्हणून ते लवकर खवट होतं. उन्हाळ्यात तर काही आठवड्यांतच. डबा फ्रीजमध्ये ठेवा आणि वापरण्याआधी चिमूटभर जिभेवर टाकून बघा. कडवट लागलं तर तळून ते सुधारत नाही.

अमेरिकेत राहणाऱ्यांसाठी: दुकानात एकाच फळीवर सारख्या दिसणाऱ्या तीन-चार पिशव्या असतात. 'सेल्फ रायझिंग' लिहिलेल्या पिठात बेकिंग पावडर आणि मीठ आधीच घातलेलं असतं. वापरायचं तर आपलं मीठ कमी करा, कवच थोडं फुगेल. कॉर्नब्रेडच्या तयार मिश्रणात बहुधा साखर असते, ती मासा शिजायच्या आत काळी पडते. टॉर्टियासाठीचं पीठ चुन्याच्या निवळीत शिजवलेल्या मक्याचं असतं, त्याची चव निराळीच. न्यू ऑर्लिन्सच्या कंपन्यांची 'फिश फ्राय' लिहिलेली तयार पिठं चांगली असतात, फक्त त्यात मीठ आहे का ते पाकिटावर बघून घ्या.

कॅटफिश मिळत नाही. बासा चालेल?

चालेल. अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला होता. व्हिएतनामहून येणारा पंगासिअस मासा तिथे कॅटफिश म्हणूनच विकला जाई. २००२च्या कायद्यानंतर ते नाव फक्त अमेरिकी कॅटफिशच्या इक्टालुरिडी कुळासाठी राखलं गेलं आणि परदेशी मासा बासा, स्वाई, त्रा अशा नावांनी विकायला लागला. भारतात सुपरमार्केटमध्ये मिळणारा बासा याच पंगासिअस गटातला. मांस पांढरं, मऊ, काटा नाही.

अडचण त्यातल्या पाण्याची. गोठवलेल्या बासावर बर्फाचा थर असतो आणि पुष्कळदा मांसाने पाणी धरून ठेवावं म्हणून त्यावर फॉस्फेटची प्रक्रियाही केलेली असते. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीत ठेवून वितळू द्या, खाली भांडं ठेवा. मग जाड कापडात गुंडाळून तळहाताने हलकेच दाबा. बोंबील दाबून पाणी काढायची सवय असलेल्यांना हे सांगायला नको.

दक्षिणेत कॅटफिशशिवायही बरेच मासे असेच तळतात आणि त्यातल्या काहींचे भाऊबंद आपल्या बाजारात रोज येतात. फ्लोरिडाच्या पश्चिम टोकाला आणि अलाबामाच्या किनाऱ्यावर तळलेला मलेट आवडीने खातात. मलेट म्हणजे आपली बोय. तिथला क्रोकर हा आपल्या ढोम्याच्या कुळातला. तिथल्या व्हायटिंग माशासारखं नाजूक मांस हवं असेल तर मुडदुशी घ्या. गोड्या पाण्यातली चिलापी, म्हणजे उजनीच्या धरणात सापडणारी तिलापिया, हाही चांगला पर्याय आहे. सुरमई आणि रावस महाग आहेतच, शिवाय त्यांची स्वतःची चव मक्याखाली दडपून जाते. त्यांच्यावर हा प्रयोग करू नये असं आमचं स्पष्ट मत. बांगडा जास्त तेलकट, तोही यात बसत नाही.

मांगूर हाही मिशांचा कॅटफिशच, पण घेणार असाल तर देशी मांगूरच घ्या. आफ्रिकी जातीचा, 'थाई मांगूर' नावाने विकला जाणारा मासा पाळायला आणि विकायला भारतात बंदी आहे.

माशाला चिखलाचा वास येतो. काय करू?

हा वास जिओस्मिन आणि एमआयबी नावाच्या दोन संयुगांचा. तळ्यातली निळी-हिरवी शेवाळं आणि काही जिवाणू ती तयार करतात आणि ती माशाच्या चरबीत साठतात. पहिल्या पावसानंतर मातीला जो वास सुटतो त्यातही जिओस्मिनच असतं. तिथे हवाहवासा, ताटात नकोसा.

तीन उपाय एकत्र करा. एक, फिलेच्या मध्यावरून जाणारी लालसर-तपकिरी पट्टी धारदार सुरीने काढून टाका. चरबी आणि वास तिथेच जास्त असतो. दोन, पोटाकडची पिवळट चरबीही काढा. तीन, आंबट द्रवात भिजवा, कारण आम्लाने जिओस्मिनचं विघटन होतं. बटरमिल्कची खरी कामगिरी ही. एक लिटर पाण्यात दोन मोठे चमचे व्हिनेगर घालून वीस मिनिटं ठेवलं तरी फरक पडतो.

मिसिसिपी डेल्टातले प्रक्रिया कारखाने यासाठी चक्क माणसं नेमतात. तळ्यात जाळं टाकण्याआधी नमुन्याचे मासे मीठ-मसाला न लावता शिजवून चाखले जातात. वास आला तर ते तळं तसंच ठेवतात आणि काही दिवसांनी पुन्हा चाखतात. त्यामुळे तिथला पाळलेला कॅटफिश बहुधा बिनवासाचा असतो. पाळलेल्या माशांना पाण्यावर तरंगणारं खाद्य देतात, तळाशी गाळात तोंड घालून खायची त्यांना गरज पडत नाही.

बटरमिल्क म्हणजे ताकच ना?

अमेरिकेतल्या दुकानातलं बटरमिल्क विरजण लावून घट्ट केलेलं दूध असतं, चमच्याच्या पाठीवर थर बसेल इतकं दाट. घुसळलेलं आपलं ताक फार पातळ पडतं, मासा नुसता भिजतो आणि पीठ चिकटत नाही. पाऊण कप आंबटसर दही आणि पाव कप दूध फेटून घ्या.

फ्रीजमध्ये अर्धा तास ते दोन तास पुरे. पाच-सहा तास ठेवलं तर वरचा थर भुसभुशीत होतो.

काही जण मोहरी लावतात म्हणे?

हो, दक्षिणेतल्या कित्येक घरांत बटरमिल्कऐवजी बाटलीतली पिवळी मस्टर्ड लावतात. एका फिलेला एक छोटा चमचा, बोटांनी पातळ लेप. तळल्यावर मोहरीची चव जवळपास उरत नाही, पीठ मात्र घट्ट धरतं. बटरमिल्कपेक्षा यात पाणी कमी जातं, म्हणून पाणी सोडणाऱ्या बासासाठी आम्ही मोहरीच सुचवू. बंगाली कासुंदी किंवा झणझणीत इंग्लिश मस्टर्ड मात्र नको, त्यांचा झणका तळूनही जात नाही.

कृती क्रमाने सांगा.

१. फिले कापडाने टिपून दोन्ही बाजूंनी अर्धं मीठ लावा. फिले दोन सेंटिमीटरपेक्षा जाड असेल तर तिरकी सुरी धरून दोन पातळ तुकडे करा. शेपटीकडचा भाग लवकर शिजतो, तो वेगळा काढा.

२. बटरमिल्क आणि हॉट सॉसच्या मिश्रणात बुडवून फ्रीजमध्ये ठेवा.

३. परातीत पीठ, मैदा, उरलेलं मीठ आणि मसाले हाताने नीट मिसळा.

४. एकेक फिले उचलून निथळू द्या. टपटप थांबली पाहिजे. मग पिठात ठेवा, वर पीठ टाका, तळव्याने दाबा, उलटा, पुन्हा दाबा, उचलून एकदा झटका.

५. घोळवलेले तुकडे जाळीवर दहा मिनिटं ठेवा. पीठ ओल शोषून माशाला धरतं. अर्धा तास ठेवलं तर त्याचा लगदा होतो.

६. तेल १८५ अंशांवर (सेल्सिअस) आणा. तुकडा आपल्यापासून लांबच्या दिशेने सोडा. एका वेळी दोनच.

७. तेल १७५ ते १८० अंशांत ठेवा. एक सेंटिमीटर जाडीला तीन ते चार मिनिटं, दोन सेंटिमीटरला पाच ते सहा. अर्ध्या वेळेला एकदाच उलटा.

८. झाऱ्यावर काढून तेल निथळा, तारेच्या जाळीवर ठेवा, लगेच वरून चिमूटभर मीठ.

थर्मामीटर नाही. तेल तापलं कसं ओळखू?

मक्याचं चिमूटभर पीठ टाका. लगेच फसफसून वर पसरलं आणि काळं पडलं नाही तर तेल तयार आहे. तळाशी जाऊन बसलं तर थांबा. ब्रेडचा इंचभर तुकडा मिनिटभरात खरपूस झाला तर तेल साधारण १८० अंशांवर आहे. खरं तर तळणीचा थर्मामीटर महाग नाही, घेऊन टाका. पहिली खेप चांगली आणि दुसरी तेलकट, ही तक्रार त्यानेच मिटते.

मासा शिजला हे कळणार कसं?

सुरुवातीला बुडबुडे जोरात आणि आवाज मोठा असतो. माशातलं पाणी वाफ होऊन बाहेर पडत असतं. बुडबुडे बारीक झाले, आवाज उतरला आणि तुकडा तरंगायला लागला की झाला. खात्रीसाठी सर्वांत जाड भागात काटा चमचा घालून जरा फिरवा, मांस पाकळ्यांसारखं सुटलं पाहिजे. थर्मामीटरवर आतून ६३ अंश.

पीठ तेलातच सुटून येतं. का?

जवळजवळ प्रत्येक वेळी पाणी. मासा ओला असेल तर पीठ आणि मांस यांच्यामध्ये वाफ साचते आणि कवच उचललं जातं. अर्धवट वितळलेला मासाही तेच करतो, बाहेर कोरडा वाटतो आणि तेलात पाणी सोडतो. दुसरं कारण घाई: पहिली दोन मिनिटं तुकड्याला हात लावू नका, कवच तोवर कच्चंच असतं. तिसरं, चिमट्याने पकडणं. झारा खालून घालून उचला.

तेलकट होतो, मऊ पडतो. का?

पुन्हा पाण्याशीच येऊन थांबतं. तेल नीट तापलेलं असताना माशातली वाफ बाहेर ढकलत असते, त्यामुळे तेल आत शिरत नाही. तेल १६० अंशांच्या खाली गेलं की वाफेचा जोर मंदावतो आणि कवच तेल पितं. एकदम चार-पाच तुकडे टाकले की हेच घडतं.

काढल्यावरही धोका संपत नाही. तुकडा गार होताना आतली वाफ निवते आणि पृष्ठभागावरचं तेल आत ओढलं जातं, म्हणून काढताक्षणी निथळणं महत्त्वाचं. पेपर नॅपकिनवर पसरून ठेवलात तर खालची बाजू स्वतःच्याच वाफेत भिजते. एकावर एक रचणं आणि वर झाकण ठेवणं तर पूर्ण वर्ज्य. बाकीचे तळून होईपर्यंत जाळीसकट ९५ अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा.

कोणतं तेल, कोणतं भांडं?

दक्षिणेत शेंगदाण्याचं रिफाइंड तेल मान्यवर. आपल्याकडे रिफाइंड शेंगदाणा किंवा सूर्यफूल घ्या. घाण्याचं तेल चवीला छान, पण या तापमानाला धुरावतं. भांडं बिडाचं असेल तर उत्तम, जड बूड उष्णता धरून ठेवतं आणि मासा टाकल्यावर तापमान एकदम कोसळत नाही. भांड्याची निम्मी उंची मोकळी राहू द्या.

तेलाने पेट घेतला तर गॅस बंद, वर धातूचं झाकण. पाणी कधीही टाकायचं नाही, भांडं उचलून पळायचंही नाही.

एअर फ्रायरमध्ये होईल?

मासा शिजेल. पण कोरडं मक्याचं पीठ तेलाशिवाय पिठूळच राहतं. करायचंच असेल तर पिठात दोन मोठे चमचे तेल चोळून घ्या, वरूनही फवारा, २०० अंशांवर दहा-बारा मिनिटं. त्या दिवशी अपेक्षाही बेताच्या ठेवा.

अपार्टमेंटमध्ये धूर आणि वास?

दक्षिणेत पुष्कळ जण मागच्या अंगणात गॅसच्या बर्नरवर तळतात, त्याचं एक कारण हेच. घरात तळताना तेल १९० अंशांच्या वर जाऊ देऊ नका आणि प्रत्येक खेपेनंतर खाली बसलेला पिठाचा गाळ बारीक जाळीने काढा. बहुतेक धूर आणि कडू वास त्या जळक्या गाळाचाच असतो.

तेल पुन्हा वापरू का?

कोमट असताना सुती कापडातून गाळा, काचेच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवा आणि आणखी एक-दोनदा फक्त माशासाठीच वापरा. काळं, चिकट किंवा कमी आचेवर धुरावणारं तेल टाकून द्या, पण मोरीत नको. बंद बाटलीत भरून कचऱ्यात.

सोबत काय वाढतात?

हशपपी तर हवेतच, म्हणजे मक्याच्या पिठाची कांदाभजीच म्हणा. एक कप मक्याचं पीठ, अर्धा कप मैदा, दीड छोटा चमचा बेकिंग पावडर, पाऊण छोटा चमचा मीठ, एक अंडं, पाऊण कप बटरमिल्क आणि एक छोटा कांदा बारीक चिरून. दहा मिनिटं ठेवा, लहान चमच्याने त्याच तेलात सोडा, तीन मिनिटं. मोठे गोळे केले तर आत कच्चे राहतात.

शिवाय कोबीचं कोलस्लॉ, लोणच्याची काकडी, कच्चा कांदा, साधा पांढरा ब्रेड आणि व्हिनेगर घातलेला पातळ लाल हॉट सॉस. काही ठिकाणी सकाळी ग्रिट्ससोबत मासा खातात, म्हणजे मक्याच्या कण्यांचा मऊसर भात. कृष्णवर्णीय कुटुंबांत शुक्रवारचा फिश फ्राय ही जुनी रीत, चर्चसाठी निधी गोळा करायलाही फिश फ्राय ठेवतात. तिथे माशाशेजारी टोमॅटो सॉसमधली स्पॅगेटी दिसली तर चकित होऊ नका. दक्षिणेतून शिकागो, डेट्रॉइटकडे गेलेली माणसं हे खाणं बरोबर घेऊन गेली, त्यामुळे त्या शहरांतही ते मिळतं.

मासा उरला तर?

मायक्रोवेव्ह नको, कवच चामड्यासारखं होतं. २०० अंशांच्या ओव्हनमध्ये जाळीवर आठ ते दहा मिनिटं, किंवा कोरड्या तव्यावर मंद आचेवर दोन्ही बाजूंनी. दुसऱ्या दिवशी लांबट पाव चिरून, मेयोनीज, टोमॅटोच्या चकत्या आणि चिरलेलं लेट्यूस घालून न्यू ऑर्लिन्सच्या पोबॉयसारखं सँडविच करा. फ्रीजमध्ये दोन दिवसांपेक्षा जास्त ठेवू नका.